गुऱ्हाळघरातील सुरक्षितता : नव्या मानकाचा गावात उपयोग

पुणे-सोलापूर महामार्गावरील कासुर्डी हे दौंड तालुक्यातील गाव. ह्या तालुक्यात कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला आणि उसाबरोबर गुऱ्हाळेही वाढली. गुऱ्हाळ म्हटले म्हणजे ताजा रस आणि गरम गुळाचा वास आठवतो. परंतु त्याच छपराखाली फिरता चरक, पेटलेले चुलवण आणि उकळती काहील हे तीन धोके एकत्र नांदत असतात. गूळ उतरविण्याच्या वेळी पाकाचे तापमान सुमारे ११८ अंश सेल्सिअस असते. ते उकळत्या पाण्याहून अधिक होय. शिवाय पाक चिकट असल्यामुळे अंगावर पडल्यास झटकता येत नाही. चरकात सापडलेला हात तर बहुधा कायमचाच जायबंदी होतो. असे अपघात नशिबाचा भाग समजण्याची रीत आहे. ती सोडून दिली पाहिजे.

मानक म्हणजे काय?

कामाच्या ठिकाणी माणसाचे आरोग्य व जीवित सुरक्षित राहावे म्हणून कारभार कसा ठेवावा, हे सांगणारे ‘आयएसओ ४५००१’ हे आंतरराष्ट्रीय मानक मार्च २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी १९९९ पासून वापरात असलेल्या ‘ओएचएसएएस १८००१’ ह्या पद्धतीची जागा त्याने घेतली. भारतीय मानक ब्यूरोनेही ते भारतीय मानक म्हणून स्वीकारले आहे. हे मानक ऐच्छिक आहे. त्याचे प्रमाणपत्र घेण्यास खर्च येतो. परंतु त्यातील पद्धत अंगीकारण्यास प्रमाणपत्राची गरज नाही. लहान गुऱ्हाळासही ती लागू पडते.

कायद्याचे बंधन मात्र निराळे आहे. व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणे हे त्या संहितेने मालकाचे कर्तव्य ठरविले आहे. मजूर दहांहून कमी असले, तरी चरकाचा दात मजूर मोजून चावत नाही, हे मालकाने विसरू नये.

उपायांचा क्रम

ह्या मानकाचे सार उपायांच्या क्रमात आहे. धोका दिसला की पुढील पाच उपाय ह्याच क्रमाने करून पाहावेत.

१. धोका मुळातच काढून टाकावा. काहिलीच्या भोवती चिपाडांचे ढीग, रिकामे डबे व लोळणाऱ्या वायरी असता कामा नयेत. पाय अडखळण्याचे कारणच उरले नाही, म्हणजे पडण्याची भीती उरत नाही.

२. अधिक धोक्याच्या वस्तूऐवजी कमी धोक्याची वस्तू वापरावी. चुलवणात प्लॅस्टिक किंवा जुनी टायरे जाळल्यास विषारी धूर निघतो व तो प्रथम जळण घालणाऱ्याच्याच छातीत जातो. त्याऐवजी चांगली वाळलेली चिपाडेच जाळावीत.

३. यंत्राला व जागेला आडोसा करावा. चरकाच्या तोंडाशी माणसाच्या हाताहून लांब पन्हाळ बसवावी, म्हणजे ऊस आत जाईल, पण बोटे लाटांपर्यंत पोहोचणार नाहीत. पट्टा व दंतचक्रे जाळीने झाकावीत. यंत्र बंद करण्याचा खटका ऊस घालणाऱ्याच्या हाताशी असावा. काहिलीभोवती कट्टा बांधावा.

४. कामाचे नियम ठरवावेत. अडकलेला ऊस यंत्र बंद केल्याखेरीज काढू नये. रात्रपाळीत एकच माणूस सतत चरकावर बसवू नये, पाळी बदलावी. काहील उतरविताना लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.

५. सर्वांत शेवटी अंगावरील साधने द्यावीत. पायात बंद बूट असावेत. अंगावरचे कपडे आटोपशीर असावेत. उपरण्याचे टोक किंवा लुगड्याचा पदर यंत्राजवळ लोंबता नसावा.

पुष्कळ ठिकाणी पाचवा उपाय आधी केला जातो आणि तेथेच काम संपले असे मानले जाते. त्यात चूक कोठे आहे, हे शेतीतील दुसऱ्या एका कामावरून समजेल. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती आणि अनेक ठिकाणी दोन-तीन औषधे एकत्र करून फवारली जात होती. अशा पिकात उकाड्याच्या दिवसांत नुसत्या मुखवट्यावर भिस्त ठेवता येत नाही, कारण घाम आला की तो काढून ठेवला जातो. खरा उपाय वरच्या पायऱ्यांवर आहे : अनावश्यक फवारणी टाळणे, औषधांची मिश्रणे न करणे आणि लाल त्रिकोणाच्या जहाल औषधाऐवजी सौम्य औषध निवडणे. केंद्र शासनाने २०२३ मध्ये मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश काढला. ही पहिलीच पायरी होय.

मजुराचे मत

मानकाचा दुसरा आग्रह असा की, धोका शोधण्याच्या कामी मजुरास सहभागी करून घ्यावे. कोणत्या क्षणी हात लाटांजवळ जातो, हे ऊस घालणाऱ्यास ठाऊक असते. पाक कधी उसळतो, हे गुळव्या जाणतो. मालकास ह्यातले पुष्कळसे दिसत नाही. मजूर परप्रांतातून आलेले असल्यास नियम त्यांच्या भाषेत व प्रत्यक्ष करून दाखवून सांगावेत. उणीव दाखविणाऱ्यावर राग धरू नये किंवा त्याची मजुरी कापू नये; अन्यथा पुढची उणीव कोणी सांगणार नाही.

हंगामाचा कार्यक्रम

गावपातळीवरील कार्यकर्त्याने हंगामापूर्वी गुऱ्हाळमालक व मजूर यांना एकत्र बसवून चार कामे करून घ्यावीत. पहिले, गुऱ्हाळात फिरून धोक्यांची यादी करावी. दुसरे, प्रत्येक धोक्यापुढे वरील क्रमाने उपाय, तो करणाऱ्याचे नाव व मुदत लिहावी. तिसरे, साध्या वहीत अपघातांची आणि थोडक्यात टळलेल्या अपघातांचीही नोंद ठेवावी. आज पदर ओढला गेला व सुटला, ही उद्याच्या अपघाताची सूचना असते. चौथे, दर महिन्यास वही वाचून उपाय सुधारावेत.

अपघात झाल्यास

भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे स्वच्छ, थंड वाहते पाणी सोडावे. बर्फ, हळद, शाई किंवा दंतमंजन लावू नये. कातडीस चिकटलेले कापड ओढू नये. हात कापल्यास स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात उंच धरावा. तुटलेले बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बोटास बर्फ थेट लावू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक गुऱ्हाळाच्या खांबावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांच्यासाठी राज्य शासनाची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यू आल्यास तीतून दोन लाख रुपये मिळतात. चुलवणापुढे बसणाऱ्या भूमिहीन मजुराच्या नावे सातबारा नसतो. त्याचा संसार त्याच्या दोन हातांवर चालतो. ते हात शाबूत ठेवण्यासाठी लागणारी पन्हाळ, जाळी आणि खटका ही कामे गावातील सुतार व लोहार करू शकतात. येत्या हंगामात चरक फिरू लागण्यापूर्वी ती पुरी व्हावीत.