प्रयोगशील शाळा आणि दात्यांचे पाठबळ

प्रचलित शिक्षणपद्धतीहून वेगळी वाट चोखाळणाऱ्या शाळेपुढे आरंभीच एक पेच उभा राहतो. पूर्वी शाळा काही वर्षे चालून तिचे काम दिसल्याशिवाय मान्यता मिळत नसे. मान्यतेशिवाय अनुदान मिळत नाही आणि पैशावाचून तर शाळा चालत नाही. हा मधला काळ निभावून नेतो तो दाता. मात्र देणगी मिळाली म्हणजे शाळा टिकली, असे होत नाही. देणगी कोणत्या रीतीने मिळते, कोणाच्या नावे जमा होते आणि तिच्यासोबत कोणत्या अटी येतात, यांवर पुष्कळ काही अवलंबून असते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ ते १९३६ या चाळीस वर्षांत उभारलेल्या कार्याचा या दृष्टीने अभ्यास करण्यासारखा आहे.

आरंभीचे भांडवल

अण्णासाहेब कर्वे हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. १८९३ साली त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला आणि त्याबद्दल सामाजिक बहिष्कारही सोसला. अशा गृहस्थाने विधवांच्या शिक्षणासाठी आश्रम काढावा आणि समाजाने त्याला पैसा द्यावा, ही गोष्ट त्या काळी सोपी नव्हती. म्हणून १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची स्थापना करताना त्यांनी पहिली रक्कम स्वतःच्या शिलकीतून घातली. स्वतःचे आधी व लोकांचे नंतर, हा क्रम त्यांनी पुढेही सोडला नाही.

पुढे रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी पुण्याजवळ हिंगणे येथे आश्रमासाठी सहा एकर जमीन दिली. झोपडी बांधण्यासाठी थोडी रोख रक्कमही दिली. १९०० साली आश्रम तेथे गेला. ही देणगी मोठी होती ती तिच्या किमतीमुळे नव्हे. भाड्याच्या जागेत अस्थिर असलेल्या कामाला तिने हक्काचे ठिकाण दिले. आजही खेड्यातील एखाद्या नव्या उपक्रमाला गावाने एक खोली किंवा जमिनीचा तुकडा दिला, तर त्याचे मोल रोख रकमेहून कमी नसते.

व्यक्तीकडून संस्थेकडे

नव्या शाळेला पहिली देणगी मिळते ती बहुधा संस्थापकाच्या चारित्र्यावरील विश्वासामुळे. पण माणूस कायमचा नसतो. अण्णासाहेबांनी हे वेळीच ओळखले. आश्रमाचा कारभार आरंभापासून मंडळाकडे ठेवण्यात आला. सुट्टीच्या दिवसांत ते गावोगाव फिरून वर्गणी गोळा करीत आणि जमेचा हिशेब वर्गणीदारांपुढे ठेवीत. १९०८ साली त्यांनी निष्काम कर्म मठ स्थापन केला. अल्प वेतनावर संस्थेचे काम करण्याची प्रतिज्ञा घेणारे कार्यकर्ते तयार करणे, हा त्यामागील हेतू होता. दात्यांचा विश्वास एका व्यक्तीपुरता न राहता संस्थेकडे वळावा, याची तरतूद अशा रीतीने झाली.

पंधरा लाखांची देणगी

१९१६ साली अण्णासाहेबांनी महिला विद्यापीठ सुरू केले. मातृभाषेतून उच्च शिक्षण आणि स्त्रियांच्या जीवनाशी निगडित विषयांना अभ्यासक्रमात स्थान, ही त्याची वैशिष्ट्ये होती. सरकारी मान्यता नव्हती आणि पहिल्या वर्गात विद्यार्थिनी अवघ्या पाच होत्या. अशा वेळी, १९२० साली, मुंबईचे उद्योगपती सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली.

या देणगीची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. मूळ रक्कम एकदम हाती न देता तिच्या व्याजाइतकी, म्हणजे ५२,५०० रुपयांची रक्कम दरवर्षी मिळावयाची होती. विद्यापीठाला दात्याच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव देण्यात आले. या वार्षिक उत्पन्नामुळे मान्यता नसतानाही विद्यापीठ तग धरू शकले. वैधानिक मान्यता मिळाली ती स्वातंत्र्यानंतर, म्हणजे स्थापनेपासून तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर.

परंतु याच देणगीने दुसरा धडाही दिला. सर विठ्ठलदास १९२२ साली निवर्तले. पुढे त्यांच्या विश्वस्तांशी मतभेद होऊन वार्षिक रक्कम काही काळ बंद पडली आणि अखेर तडजोडीने प्रश्न मिटला. १९३६ साली विद्यापीठाचे मुख्य ठाणे मुंबईस गेले. एकाच मोठ्या दात्यावर भार असला, की दात्याच्या पश्चात संस्थेचा पाया हादरू शकतो, हे यातून दिसून आले. अडचणीच्या काळात कामी आली ती वर्षानुवर्षे जोडलेली लहान वर्गणीदारांची मोठी संख्या.

मूठभर धान्याचे सामर्थ्य

लहान देणगीचे सामर्थ्य कर्मवीर भाऊराव पाटील यांनी अधिक व्यापक प्रमाणावर सिद्ध केले. १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेने मुष्टिफंडाची प्रथा रुजविली. घरातील स्त्रीने दररोज मूठभर धान्य वसतिगृहातील मुलांसाठी बाजूला काढावयाचे, अशी ही योजना होती. ज्या घराने मूठ दिली त्या घराला वसतिगृह आपले वाटू लागले. केवळ मोठ्या रकमेच्या धनादेशाने अशी आपुलकी निर्माण होत नाही.

अण्णासाहेबांनीही १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ग्राम प्राथमिक शिक्षणाचे मंडळ काढले. शाळा नसलेल्या खेड्यांत शाळा काढणे हे त्याचे काम होते. पंधरा लाखांची देणगी पाहिलेल्या या वृद्धाने येथेही आपल्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनातून दरमहा वाटा दिला आणि लोकांकडून लहान लहान वर्गण्या जमविल्या.

आजच्या संदर्भात

आज दात्याचे रूप पालटले आहे. कंपनी कायदा, २०१३ अन्वये ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते आणि शिक्षण हा त्यातील एक मान्य विषय आहे. हा निधी घेऊन काम करणारी संस्था रीतसर नोंदलेली असावी लागते. ‘चालू प्रकल्पा’साठी आरंभीचे वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांची मुदत आहे. मूल मात्र पहिलीत आले म्हणजे आठ-दहा वर्षे शाळेत राहावयाचे असते. शिवाय, शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार मान्यतेशिवाय शाळा चालविता येत नाही.

म्हणून गावात प्रयोगशील शाळा काढण्याचा प्रस्ताव आला, म्हणजे पंचायत सदस्यांनी, शिक्षकांनी आणि अधिकाऱ्यांनी काही प्रश्न अवश्य विचारावेत. पैसा व्यक्तीच्या नावे येतो की संस्थेच्या? देणगीच्या अटी लेखी आहेत काय? मुदत संपल्यावर शिक्षकांचे वेतन कोठून निघेल? मान्यतेसाठी कोणती पावले टाकली आहेत? वार्षिक हिशेब ग्रामसभेपुढे वाचला जाईल काय? आणि शेवटी, गावाचा स्वतःचा वाटा कोणता?

हे प्रश्न अविश्वासाचे नाहीत. उत्साहाने सुरू झालेली शाळा चौथ्या वर्षी बंद पडली, तर त्याची किंमत दात्याला वा संस्थापकाला मोजावी लागत नाही. ती मोजतात त्या शाळेतील मुले. दात्याचा पैसा शाळेचे दार उघडून देतो. ते उघडे ठेवण्याचे काम गावालाच करावे लागते.