आधी हात, मग बॅग

मनू, सीएची आर्टिकलशिप म्हणजे काय ते आता तुला कळायला लागलंय. आज सातपूर, उद्या सिन्नर, परवा कुणाच्या गोडाऊनमधलं डगमगतं टेबल. पाठीवर लॅपटॉप, चार्जर, डबा, पाण्याची बाटली. म्हणून तू विचारलंस, "ताई, बॅगेत कुठेही मावेल असा अगदी छोटा वायरलेस माऊस सांग ना." सांगते, पण आधी पट्टी घे आणि स्वतःचा हात मोज. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत.

तुझा हात माझ्यासारखाच असला तर सतरा सेंटिमीटरच्या आसपास भरेल. प्रवासाचे म्हणून जे चपटे, इवलेसे माऊस मिळतात ते दिसायला फार गोड असतात, चेनच्या कप्प्यात पटकन सरकतात. पण हाताखाली घेतले की तळहाताला टेकायला काही उरत नाही. मग बोटांच्या टोकांनी चिमटीत धरावं लागतं, मनगट टेबलावर दाबलं जातं आणि पंजा मागे वाकलेला राहतो. अर्धा तास काहीच वाटत नाही. व्हाउचिंगच्या दिवशी सहा-सात तास एक्सेलच्या शीटवर वरखाली केलंस की संध्याकाळी अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो, आणि आपण म्हणतो, आज काम जास्त झालं. तुला साधारण दहा सेंटिमीटर लांबीचा, पाठीवर चांगला उंचवटा असलेला माऊस बरा. बॅगेत तो दोन बोटं जास्त जागा घेईल, घेऊ दे. बॅगेत तो तासभर असतो, दिवसभर तुझ्या हातात असतो.

एक गोष्ट मनापासून सांगू? नव्या ऑफिसात आपण मुली फार सोसतो. मिळेल ती खुर्ची, मिळेल तो कोपरा, टेबल छातीपर्यंत आलं तरी गप्प. क्लायंटकडे खुर्ची उंच करून मागण्यात किंवा खाली उशी घेण्यात काही वावगं नाही. कोपर टेबलाच्या उंचीला आलं पाहिजे आणि अंगाजवळ राहिलं पाहिजे. लॅपटॉपच्या उजव्या बाजूला आकड्यांची वेगळी पट्टी असेल तर माऊस आपोआप आणखी लांब जातो आणि दिवसभर खांदा बाहेर ताणलेला राहतो. तेव्हा लॅपटॉपच थोडा डावीकडे सरकव. हात फिरवायचा तो कोपरापासून. मनगट एका जागी रोवून नुसता पंजा डावीकडे-उजवीकडे मुरडायचा नाही. सेटिंगमध्ये जाऊन पॉइंटरचा वेग जरा वाढव, म्हणजे पडद्याच्या या टोकापासून त्या टोकाला जायला हात थोडासाच हलवावा लागतो.

आणि रात्री झोपेत अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट यांना मुंग्या येऊन जाग यायला लागली, तर मलम चोळत बसू नकोस. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जी मीडियन नस जाते, ती या बोटांकडे येते. करंगळीकडे जाणारी नस वेगळी. कारण माऊसच असेल असं नाही, पण डॉक्टरला दाखवायचं, आणि लवकर दाखवायचं. परीक्षा झाल्यावर बघू, असं म्हणायचं नाही.

आता भरवशाचं. तुझी खरी भीती तीच आहे, मला माहीत आहे. साहेब शेजारी उभे, आणि नेमका तेव्हाच माऊस अडला तर? बिनवायरचा माऊस अडण्याची कारणं मोजकी असतात, आणि ती ठाऊक असली की घाबरायला होत नाही. सुरुवातीचे बिनवायर माऊस रिमोटसारख्या इन्फ्रारेड किरणांवर चालायचे, मध्ये फाईल आली तरी बंद पडायचे. लॉजिटेकने १९९१ साली रेडिओ लहरींवरचा माऊस आणला आणि ती कटकट गेली. आजचे माऊस २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. त्याच पट्ट्यात वायफाय, ब्लूटूथ, अगदी मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा. एवढ्या गर्दीतही ते सहसा नीट चालतात, कारण मोकळी जागा बघून ते वाहिनी बदलत राहतात.

पण एक जागा अशी आहे जिथे ते हमखास अडखळतात, आणि तुझ्या कामात ती रोज येणार आहे. क्लायंटचा टॅलीचा बॅकअप घ्यायला तू बाहेरची हार्डडिस्क लावशील, कॉपी सुरू होईल, आणि पॉइंटर तुटक तुटक सरकायला लागेल. आपल्याला वाटतं लॅपटॉप हँग होतोय. बहुतेकदा तसं नसतं. यूएसबी ३ वरून माहिती वेगाने जाताना नेमक्या २.४ गिगाहर्ट्झच्या भागात रेडिओ गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. डोंगल, म्हणजे माऊसचा लॅपटॉपला लावायचा छोटा तुकडा, त्या डिस्कच्या शेजारच्याच खाचेत असला तर त्या गोंगाटात त्याला माऊसचा क्षीण आवाज ऐकू येत नाही. डोंगल लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लाव. तिथे खाच नसेल तर वीतभर एक्स्टेन्शन वायर लावून तो डिस्कपासून दूर आण. एवढ्याने काम भागतं. ही वायर तू बॅगेत ठेवच, किंमत किरकोळ आहे.

दुसरं कारण टेबल. माऊसच्या पोटात बारीक कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून जास्त चित्रं घेतो आणि मागच्या-पुढच्या चित्रांतला फरक बघून ठरवतो की हात किती आणि कुठे सरकला. मालकांच्या केबिनमध्ये टेबलावर काच असते. पारदर्शक काचेवर त्याला ओळखीचा असा ठिपका, रेघ काहीच सापडत नाही, म्हणून पॉइंटर जागचा हलत नाही किंवा उड्या मारतो. काचेवर चालणारे माऊस आहेत, पण महाग आहेत. त्यासाठी पैसे घालू नकोस. खाली एक कोरा कागद किंवा तुझी वही ठेव.

डोंगल की ब्लूटूथ? तुझ्या लॅपटॉपला जुन्या चौकोनी तोंडाच्या खाचा किती आहेत ते आधी बघ. दोनच असतील तर एक पेनड्राइव्हला, एक डिस्कला, आणि डोंगल कुठे लावशील? त्यात डोंगल नखाएवढा. क्लायंटकडे लॅपटॉपला तसाच राहिला आणि कुणी उपटला, तर बऱ्याच कंपन्यांचा माऊस दुसऱ्या डोंगलवर चालत नाही. ब्लूटूथला हरवण्यासारखं काही नसतं. फक्त लॅपटॉप झोपेतून उठल्यावर जोडणी व्हायला दोन-चार क्षण लागतात. दोन्हीची सोय असलेला माऊस मिळाला तर थोडे जास्त पैसे दे, मी तेच सुचवेन. आणि दिवस संपला की डोंगल माऊसच्या पोटातल्या खाचेत परत ठेवायचा, हे अंगवळणी पाड.

इथेच आणखी एक. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये पडलेला कुणाचा तरी जुना डोंगल-माऊस वापरू नकोस. २०१६ मध्ये बॅस्टिल या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की बऱ्याच नावाजलेल्या कंपन्यांचे त्या वेळचे डोंगल लांबून फसवता येतात आणि दुसराच कुणीतरी तुमच्या संगणकावर टाइप करू शकतो. नंतर काहींनी दुरुस्त्या काढल्या, पण ड्रॉवरमधल्या जुन्या डोंगलला ती दुरुस्ती मिळाली असेल कशावरून? तुझ्याकडे दुसऱ्यांचे हिशेब असतात, मनू. ती जबाबदारी आहे.

सेलबद्दल थोडक्यात. भिंतीवरच्या घड्याळात घालतो तो पेन्सिल सेल लागणारा माऊस तुझ्यासाठी उत्तम, कारण तो सेल सिन्नरच्या किराणा दुकानातही मिळतो. एक सेल पाकिटात ठेव. परीक्षेच्या सुट्टीत महिना-दोन महिने माऊस पडून राहणार असेल तर सेल काढून ठेव. अल्कलाइन सेल पाझरला की पत्र्या गंजतात. चार्जिंगचा हवा असेल तर वायर पुढच्या बाजूने लागते का बघ, म्हणजे चार्ज होतानाही काम चालू राहतं. ॲपलच्या २०१५ च्या मॅजिक माऊसला ती खाच पोटाखाली होती, चार्जिंग सुरू असताना माऊस वापरताच येत नसे.

सगळ्यात जास्त काळजी मला क्लिकच्या बटणाची वाटते. आत छोटा स्विच असतो, त्यातली पातळ पट्टी वापरून थकते. मग एकदा दाबलं तर दोनदा लागतं, किंवा धरून ओढताना मध्येच सुटतं. गाणी ऐकताना हे चालून जाईल. एक्सेलमध्ये तू रकाना ओढत असताना तो मध्येच सुटला, तर आकडा भलत्याच ओळीत जाऊन बसतो. तिथे आधी काही लिहिलेलं असेल तर एक्सेल विचारतं. जागा रिकामी असली तर एक शब्द बोलत नाही. आणि मग रात्री बेरीज जुळत नाही म्हणून तू स्वतःला बोल लावत बसशील. तेव्हा एका क्लिकला दोन लागायला लागले की त्याच दिवशी तो माऊस ऑडिटच्या कामातून बाद कर. वॉरंटीत असेल तर बदलून घे. काही कंपन्या एक वर्ष देतात, काही तीन. घेताना हेच आधी विचार, रंग नंतर.

शनिवारी दुकानात गेलीस की खोका उघडून द्यायला सांग. हात त्यावर सैल सोड. तळहात टेकतो का, अंगठा आणि करंगळी टेबलावर घासत तर नाहीत ना, मधलं चाक फिरवायला बोट आखडावं लागतं का, ते पाच मिनिटं बघ. क्लिकचा आवाजही ऐक. शांत केबिनमध्ये दिवसभर टकटक नको असेल तर मूक बटणांचे माऊस मिळतात. उघडून दाखवायला नाही म्हणाले तर पुढचं दुकान बघ, संकोच करू नकोस. बिल आठवणीने घे आणि दारातच त्याचा फोटो काढ. त्या गुळगुळीत कागदावरची छपाई वॉरंटी संपायच्या आत पुसट होते.