वेदना, पूर्वकर्म आणि उपचार

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. तिचा कॅन्सर पसरला की बहुधा हाडांत जातो. पाठीचा कणा, कमरेची हाडे, बरगड्या. असा रुग्ण वस्तीत निघाला की 'मागच्या जन्मीचे भोग' हे शब्द अजूनही कानी येतात. धम्मदीक्षा घेतलेल्या घरांत हे ऐकून आम्हांस खेद होतो. संयुत्त निकायात सीवक नावाचा परिव्राजक तथागतांना हेच विचारतो, की मनुष्य भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच काय? तथागतांनी ते मान्य केले नाही. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, अपघात अशी वेदनेची निरनिराळी कारणे त्यांनी सांगितली. पूज्य बाबासाहेबांनीही 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात (मूळ इंग्रजी, १९५७) गतजन्मीच्या कर्माची कल्पना तपासून नाकारली आहे.

तेव्हा कारण पाहावे व उपाय करावा. हाडांत गेलेला हा रोग सहसा समूळ जात नाही, पण आटोक्यात राहून अनेकजण त्यासह काही वर्षे जगतात. पुरुषी हार्मोन कमी केले की तो आवरतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवले. १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजही पाया तोच आहे. ठराविक मुदतीने इंजेक्शन घ्यावे, किंवा अंडकोष काढण्याची लहान शस्त्रक्रिया करावी. जोडीला नव्या गोळ्याही असतात. शस्त्रक्रिया एकदाच होते, खर्चही कमी. पण लाजेपोटी घरात तिचे नावही कोणी काढत नाही! उपचाराने अंगाची एकदम लाही होते, थकवा येतो, हाडे ठिसूळ होतात. हे डॉक्टरांना सांगावे, सोसत बसू नये.

दुखऱ्या हाडाला किरणोपचार दिल्यास पुष्कळांना आराम पडतो, कधी एकाच वेळच्या शेकाने. मॉर्फिनला लोक 'नशा' म्हणून भितात. डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनेसाठी घेतलेले औषध म्हणजे सुरापान नव्हे. पंचशीलाचा भंग तर मुळीच नाही. त्याने बद्धकोष्ठ होते, म्हणून सोबत रेचक घ्यावे लागते.

सल्लसुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. पहिला शरीराला लागतो, दुसरा मनाच्या तळमळीचा. आपल्या घरांत हा दुसरा बाण पुष्कळदा आपणच मारतो, रुग्णापासून आजार लपवून आणि दाराआड कुजबुजून.

एक खूण मात्र प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी. पाठदुखी वाढून पाय लटके पडू लागले, बधिर झाले, किंवा लघवी अडली, तर मज्जारज्जूवर दाब आला असण्याचा संभव असतो. त्याच दिवशी, रात्र असली तरी, इस्पितळ गाठावे. उशीर झाल्यास पाय कायमचे जातात. परित्राणपाठ नंतर ठेवता येतो.