माळ्याला ऊब, खर्चाला सरकारी हातभार

डब्लिनमध्ये कडक थंडीच्या सकाळी समोरच्या फुटपाथवर जाऊन आपले छप्पर पाहा. शेजारच्या छपरांवर गोठलेले दव पांढरे बसलेले असते आणि आपले मात्र काळे, ओले दिसते. याचा अर्थ, पैसे मोजून तापवलेली हवा वर चालली आहे. उष्णतारोधक थर नसेल तर घरातली २० ते ३० टक्के ऊब छपरातून निघून जाते. ती अडवायला आयर्लंडची सरकारी ऊर्जा संस्था, एसईएआय, अनुदान देते. नव्याने घर घेतलेल्या मराठी कुटुंबांसाठी ही कृती.

हाताशी ठेवा: विजेचे बिल, बँक खात्याचा तपशील, टॉर्च, मोजपट्टी.

१. पात्रता पाहा. घर २०११ पूर्वी बांधलेले आणि राहते झालेले हवे. याच घराच्या माळ्यासाठी आधीच्या मालकाने अनुदान घेतले असेल तर पुन्हा मिळत नाही. तेही विचारून घ्या. घरात फ्युएल अलाउन्ससारखा ठरावीक सरकारी भत्ता येत असेल तर पूर्ण मोफत कामाची वेगळी योजना आहे. तिथे प्रतीक्षा मोठी असते, पण खर्च शून्य.

२. माळ्यावर चढा. तुळयांमधल्या जुन्या लोकरीची जाडी मोजा. माळा फक्त सामानासाठी असेल तर थर खाली, छताच्या पातळीवर बसतो. खनिज लोकरीचा साधारण ३०० मिलिमीटर. माळ्यावर राहती खोली असेल तर थर उतरत्या वाशांमध्ये आणि बाजूच्या बुटक्या भिंतींमागे घालावा लागतो. हे काम अधिक नाजूक आणि महाग.

३. दरपत्रके घ्या. एसईएआयच्या यादीतलेच दोन-तीन कंत्राटदार बोलवा. थराची जाडी, हवा खेळती ठेवण्याची सोय आणि टाकी-नळांचे काम कागदावर लिहून मागा. ‘करून देऊ’ या तोंडी शब्दावर थांबू नका.

४. ऑनलाइन अर्ज भरा. विजेच्या बिलावरचा ११ आकडी एमपीआरएन क्रमांक लागतो. तो १० ने सुरू होतो. घराचे बांधकाम-वर्ष आणि निवडलेला कंत्राटदारही नोंदवा. २०२२ मध्ये ठरलेले दर असे होते: स्वतंत्र घराला १,५०० युरो, जोडघराला १,३००, रांगेतल्या मधल्या घराला १,२०० आणि अपार्टमेंटला ८००. दर बदलतात, म्हणून हिशेब अर्जाच्या दिवशीच्या आकड्यावर करा.

५. मंजुरीपर्यंत थांबा. सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. मंजुरीआधी सुरू केलेल्या कामाला किंवा आणलेल्या मालाला एक युरोही मिळत नाही. ओळखीच्या एका कुटुंबाने थंडीच्या घाईत आधी लोकर घातली आणि मग अर्ज केला. सगळा खर्च अंगावर पडला. मंजुरी आली की ती स्वीकारा. पुढे कामाला आठ महिने मिळतात.

६. काम चालू असताना वर जाऊन पाहा. लोकर वळचणीत ठासून भरू देऊ नका. तिथूनच माळ्यात हवा येते. ती वाट बंद झाली की वाशांवर ओल धरते, मग काळी बुरशी. उतरत्या छपरातही थराच्या वर ५० मिलिमीटरची मोकळी वाट हवी. टाकीच्या बाजूंना आणि नळांना वेष्टण घाला, पण टाकीखाली थर नको. खालच्या खोलीची ऊब पोचली की पाणी गोठत नाही. माळ्याच्या झाकणालाही थर आणि कडेला रबरी पट्टी लावून घ्या. झाकण विसरले की ऊब तिथूनच वर जाते.

७. पैसे मागा. कंत्राटदाराला आधी पूर्ण रक्कम तुम्ही द्यायची, म्हणून तेवढी तजवीज ठेवा. कामानंतर बीईआर, म्हणजे घराची ऊर्जा-तपासणी, करून घ्या. कंत्राटदाराचे काम पूर्ण झाल्याचे घोषणापत्र आणि पैशांची मागणी दाखल केली की अनुदान खात्यात येते. पावत्या आणि कामाआधीचे-नंतरचे फोटो एकाच फाइलमध्ये ठेवा.

पुढच्या गोठत्या सकाळी पुन्हा त्याच फुटपाथवर उभे राहा. आपल्या छपरावरही शेजाऱ्यांसारखेच पांढरे दव दिसले, की काम चोख झाले असे समजा.