‘मी’पासून ‘आपण’पर्यंत

लढाईस निघालेल्या सैन्यापुढें रणवाद्यें वाजतात हें सर्वांस ठाऊक आहे. पण ज्यांच्या हातीं शस्त्र नाहीं, सत्ता नाहीं, द्रव्य नाहीं, असे लोक अन्यायाविरुद्ध उभे राहतात तेव्हां त्यांच्यापुढें काय वाजतें? बहुधा एखादी खंजिरी, एखादा डफ किंवा नुसत्या टाळ्या. समाज एका उडींत बदलत नाहीं. तो पायरीपायरीनें वर चढतो, आणि प्रत्येक पायरीवर त्याचें गीत निराळें असतें. त्या पायऱ्या ओळखण्याची एक सोपी खूण आमच्या ध्यानांत आली आहे. ती खूण म्हणजे व्याकरणांतील सर्वनाम. आपल्या वऱ्हाडाच्या उदाहरणावरून ती आम्ही येथें दाखवूं इच्छितों.

पहिल्या पायरीचें सर्वनाम ‘मी’. चौदाव्या शतकांतील संत चोखामेळा यांचें जन्मस्थान बुलढाणा जिल्ह्यांतील मेहुणा राजा, अशी परंपरा आहे. पंढरीच्या देवळांत त्यांस प्रवेश नव्हता. त्यांच्या अभंगांत आर्तता आहे, तशी तक्रारही आहे; परंतु ती तक्रार देवापाशीं केलेली आहे. समाजास जाब विचारण्याची वेळ अद्याप यावयाची होती. तथापि दुःखास शब्द देणें हें लहानसहान काम नव्हे. मुक्या दुःखावर कोणी औषध करीत नाहीं.

दुसऱ्या पायरीवर ‘तुम्ही’ येतें. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) यांचा जन्म अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवचा. बालपण मूर्तिजापूर तालुक्यांत दापुरे येथें मामाच्या घरीं गेलें. दिवसा हातीं खराटा घेऊन गांव झाडावयाचें आणि रात्रीं तेथेंच कीर्तन करावयाचें, असा त्यांचा क्रम असे. कीर्तनांत उपदेश थोडा आणि प्रश्न फार. ऋण काढून सण कां करावा, देवापुढें मुकें जनावर कां मारावें, माणसानें माणसाचा विटाळ कां मानावा, हे प्रश्न ते वऱ्हाडी बोलींत समोरच्यांस विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवीत. येथें तक्रार देवाकडून माणसाकडे वळली.

प्रश्न पटला कीं माणसें एकत्र येतात, आणि गीतांत ‘आम्ही’ उमटतें. ही तिसरी पायरी. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला. पुढें त्यांच्या अनुयायांनीं तमाशाच्या ओळखीच्या चौकटींत नवा आशय भरून जलसा उभा केला. त्याच वाटेनें विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत आंबेडकरी जलसे गांवोगांव फिरले. नाशिककडील भीमराव कर्डक यांचें नांव त्यांत अग्रगण्य होय. ज्यास अक्षरओळख नव्हती त्यास जलसा हेंच वर्तमानपत्र होतें.

हेंच ‘आम्ही’ स्वातंत्र्याच्या लढ्यांतही ऐकूं आलें. १९३० सालीं आपल्या अकोला जिल्ह्यांतील दहिहंडा येथें समुद्र नसतांना खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून सत्याग्रह झाला. १९३५ सालीं मोझरी येथें गुरुकुंज आश्रम स्थापणारे तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) खंजिरीवर भजनें गात, आणि हजारों लोक तीं ऐकत. १६ ऑगस्ट १९४२ रोजीं चिमूर व आष्टी येथें जनतेचा उठाव झाला. त्या महिन्यांतच सरकारनें महाराजांस अटक करून तुरुंगांत ठेविलें. खंजिरी हें काहीं शस्त्र नव्हे. तरी सत्तेस तिचें भय वाटलें, हें विसरतां कामा नये.

चौथी पायरी सर्वांत अवघड. तिचें सर्वनाम ‘आपण’. आपल्या भाषेंत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत सूक्ष्म भेद आहे. ‘आम्ही’ म्हणतांना ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हणतांना तो आंत येतो. स्वराज्य आलें, २६ जानेवारी १९५० रोजीं राज्यघटना अमलांत आली, अस्पृश्यता कायद्यानें नष्ट झाली. आतां कोणाविरुद्ध गावयाचें? तुकडोजी महाराजांनीं १९५५ सालीं ४१ अध्यायांची ‘ग्रामगीता’ देऊन याचें उत्तर दिलें: आतां गांव उभारण्याचें गावयाचें. सामुदायिक प्रार्थनेस सर्वांनीं एकत्र बसावें, हा त्यांचा आग्रह त्याच उत्तराचा भाग होता.

हा क्रम केवळ वऱ्हाडाचाच नव्हे. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्यें एक भक्तिगीत एकवचनांत गाइलें जात असे. ‘मी तरून जाईन’ असा त्याचा भाव. १९४५–४६ सालीं चार्ल्सटन शहरांतील तंबाखूच्या कारखान्यांतील कामगारांनीं संपांत तें अनेकवचनीं केलें. नागरी हक्कांच्या लढ्यांत तें गीत देशभर पसरलें; १९६४ सालीं नागरी हक्कांचा व १९६५ सालीं मतदानाचा कायदा झाला. त्याचेंच हिंदी रूप गिरिजाकुमार माथुर यांनीं केलें, आणि तें आपल्या देशांतील शाळाशाळांतून मुलें आजही गातात.

पायऱ्या एकदां चढलों म्हणजे संपलें, असें मात्र नाहीं. समाज खालीं घसरूंही शकतो, आणि गीत नुसतें भूषण होऊन राहूं शकतें. विद्यार्थिमित्रांनो, तें हिंदी गीत स्नेहसंमेलनांत गातांना त्यांतील ‘हम’ या शब्दाचा मराठी अर्थ तुम्ही मनांत कोणता धरतां, ‘आम्ही’ कीं ‘आपण’? व्यासपीठावर हात हातांत घेऊन गाणारा मुलगा मधल्या सुटींत शेजाऱ्याच्या डब्यास हात लावण्यास कचरेल, तर तो चौथ्या पायरीवर उभा राहून पहिलीच्याही खालीं गेला असें आम्ही म्हणूं.

पालकांसही एक विनंती आहे. जलशांतील व प्रभातफेऱ्यांतील कितीतरी पदें कोठेंच छापलीं गेलीं नाहींत. तीं घरांतील वृद्धांच्या ओठांवर आहेत. मुलांस त्यांच्यापाशीं बसवावें, तीं वहींत उतरवून घ्यावीं, आणि तीं कोणत्या दुःखांतून निघालीं तेंही विचारावें. शब्द राहिले आणि दुःख विसरलें, तर गीत हातीं राहूनही हरवल्यासारखेंच होय. आणि गाऊन झाल्यावर गाडगेबाबांचा खराटा कोपऱ्यांत आपली वाट पाहत आहे, याचें स्मरण असावें.