शिक्षक व्हायचे आहे?

दहावीचा निकाल लागला की परभणी जिल्ह्यातील उर्दू शाळांमध्ये एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "सर, मला शिक्षक व्हायचे आहे. पुढे काय करू?" प्रश्न लहान आहे, पण उत्तर नीट समजून घेतले पाहिजे. वाट चुकली तर दोन वर्षे वाया जातात आणि वडिलांच्या कष्टाचा पैसाही जातो.

काही जण म्हणतात, "पहिलीच्या मुलांना शिकवायला काय लागते? बेरीज-वजाबाकी तर सर्वांनाच येते." पण स्वतःला येणे वेगळे आणि दुसऱ्याला शिकवणे वेगळे. 32 मधून 17 वजा करायचे आहेत. लहान मूल अडते, कारण 2 मधून 7 जात नाहीत. "हातचा घे" असे नुसते सांगितले तर ते पाठ करते, पण त्याला समजत नाही. प्रशिक्षित शिक्षक त्याच्यापुढे दहा-दहा काड्यांच्या तीन जुड्या आणि दोन सुट्या काड्या ठेवतो. मग एक जुडी सोडायला सांगतो. आता सुट्या काड्या बारा झाल्या. त्यांतून सात काढल्या, पाच उरल्या. राहिलेल्या दोन जुड्यांतून एक काढली, एक उरली. उत्तर आले 15. मूल हसते, कारण हातचा कोठून आला हे त्याने डोळ्यांनी पाहिले!

भाषेचेही तसेच आहे. उर्दूत 'ळ' हा ध्वनी नाही. म्हणून आपली मुले 'शाळा' ऐवजी 'शाला' म्हणतात. 'काल' म्हणजे गेलेला दिवस आणि 'काळ' म्हणजे वेळ. एका अक्षराने अर्थ बदलतो. अशा वेळी मुलाला रागावून उपयोग नाही. जीभ मागे वळवून 'ळ' कसा म्हणायचा, हे त्याला करून दाखवावे लागते. मूल कोठे अडते आणि का अडते, हे ओळखणे हीच शिक्षकाची खरी विद्या होय.

ही विद्या शिकण्यासाठी बारावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याला पूर्वी डी.एड. म्हणत. आता त्याचे नाव डी.एल.एड. आहे. त्यात बालमानसशास्त्र आणि प्रत्येक विषयाच्या अध्यापन पद्धती शिकवतात. पाठाचे टाचण काढावे लागते, शैक्षणिक साहित्य तयार करावे लागते आणि खऱ्या शाळेत जाऊन सराव पाठ घ्यावे लागतात. परभणीत जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. इतर कोणत्याही विद्यालयात प्रवेश घेण्यापूर्वी त्याला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आहे का, हे आधी पाहावे. मगच फी भरावी.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. अनेक मुले-मुली बी.ए. होतात, मग बी.एड. करतात आणि प्राथमिक शाळेत जागा शोधतात. 2018 साली बी.एड. झालेल्यांनाही पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवले होते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 रोजी निकाल दिला की या वर्गांसाठी बी.एड. ही योग्य अर्हता नाही. मोठी पदवी म्हणजे प्रत्येक कामाची पात्रता नव्हे! लहान मुलांना शिकवायचे असेल तर लहान मुलांना शिकवण्याचेच प्रशिक्षण हवे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने बारावीनंतर चार वर्षांची एकात्मिक पदवीही सुचवली आहे. तीत पदवी आणि शिक्षक प्रशिक्षण एकत्र मिळते. मात्र ती शाळेच्या कोणत्या टप्प्यासाठी आहे, हे प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यावे.

प्रशिक्षणानंतर शिक्षक पात्रता परीक्षा असते. महाराष्ट्रात ती 2013 पासून सुरू झाली. पहिली ते पाचवीसाठी पहिला पेपर असतो. तो 150 गुणांचा असून खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला उत्तीर्ण होण्यासाठी 90 गुण लागतात. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी 30 गुण असतात. म्हणजे 150 पैकी 60 गुण भाषांचेच! आज मराठीच्या तासाला कंटाळणाऱ्यांनी याचा विचार करावा. शिवाय उर्दू शाळेतील शिक्षकालाही सरकारी परिपत्रके मराठीतच वाचावी लागतात.

परीक्षा उत्तीर्ण झाली की लगेच नोकरी मिळते असे मात्र नाही. जागा निघाव्या लागतात, अभियोग्यता चाचणी द्यावी लागते, कधी वर्षानुवर्षे थांबावे लागते. म्हणून डी.एल.एड. झाल्यावर शिक्षण थांबवू नये. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून काम करता करताही पदवी घेता येते.

इतके कष्ट कशासाठी, असे कोणी विचारील. 1937 साली वर्धा येथे गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली होती. मुलांनी हाताने काम करत करत कसे शिकावे, याची योजना आखण्यासाठी तेथे एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. हैदराबादेत जन्मलेले हे शिक्षक पुढे 1967 मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. एवढ्या मोठ्या विद्वानाला लहान मुलांच्या शिक्षणाचा विचार करणे कमीपणाचे वाटले नाही.

मुलांनो, तुमच्या घरात किंवा शेजारी पहिली-दुसरीतले एखादे मूल असेलच. आज संध्याकाळी त्याला एक वजाबाकी समजावून सांगा. ते अडले तर तुम्ही चिडता, की दुसरी युक्ती शोधता, ते पाहा. शिक्षक होण्याची पहिली परीक्षा तीच आहे.

शब्दार्थ
प्रशिक्षण – तालीम, तरबियत
अर्हता – पात्रता, काबिलियत
टाचण – थोडक्यात लिहून ठेवलेली टिपणे
परिपत्रक – सर्वांना पाठवलेला सरकारी कागद

स्वाध्याय
1. शिक्षकाची खरी विद्या कोणती?
2. बी.एड. झालेल्यांविषयी न्यायालयाने 2023 मध्ये काय निकाल दिला?
3. 'ल' आणि 'ळ' यांमुळे अर्थ बदलणाऱ्या शब्दांच्या तीन जोड्या लिहा.
4. 43 मधून 28 वजा करणे लहान मुलाला कसे शिकवाल, ते पाच वाक्यांत लिहा.