सेल्फ बदलण्याआधी अर्थची पट्टी बघा



१ ऑगस्टला बंदी उठली आणि दुसऱ्याच पहाटे संस्थेच्या जुन्या टाटा ४०७ ने दगा दिला. क्रेट भरले, वर बर्फ टाकला, चावी मारली तर नुसता एक 'टक्'. सहा-सात जणांनी ढकलून गाडी चालू केली. बाजार गाठेपर्यंत भाव उतरला होता.

सगळे म्हणाले, सेल्फ गेला. आम्हीही तेच धरलं आणि नवीन सेल्फ आणून बसवला. परत तोच 'टक्'! शेवटी सापडलं काय, तर इंजिन आणि चॅसीच्या मधली अर्थची पट्टी. वरून बरी दिसत होती, पण बोल्टखाली मिठाने खाऊन हिरवी झाली होती. जुना सेल्फ चांगलाच होता. पैसे सभासदांचे, चूक आमची. म्हणून हा धडा सगळ्यांसाठी लिहितो.

हेडलाईट लागते, मग सेल्फ का फिरत नाही?
हेडलाईटच्या एका बल्बला ४-५ अँपिअर पुरतात. डिझेल गाडीचा सेल्फ २०० अँपिअरच्या वर ओढतो. वाटेत ०.०१ ओहम एवढा बारीक अडथळा आला, तरी २०० अँपिअरला २ व्होल्ट तिथेच संपतात. क्रेटमधलं खारं पाणी रोज चॅसीवर गळतं, बंदीत गाडी ६१ दिवस उभी राहते. गंज चढायला आणखी काय पाहिजे?

आधी आवाज ऐका
• काहीच आवाज नाही : बॅटरीचे टर्मिनल, चावीचा स्विच, सोलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर बघा.
• टक-टक-टक-टक : बॅटरी उतरली किंवा टर्मिनल ढिला.
• एकच 'टक्' : करंट पुरत नाही, सोलेनॉइडचे पॉइंट जळाले किंवा कार्बन झिजले.
• सेल्फ घरघरतो, इंजिन फिरत नाही : बेंडिक्स घसरतो.
• कर्रर्र आवाज : बेंडिक्सचे किंवा फ्लायव्हील रिंगचे दात खराब. चावी मारत राहू नका.

मग मीटर लावा
साधा मीटर चालतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला उटी. इंजिन चालू होऊ नये म्हणून एकाने स्टॉपची केबल ओढून धरावी.
१. उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ म्हणजे अर्धी उतरली. आधी चार्ज करा.
२. चावी मारताना बॅटरी ९.६ च्या खाली गेली तर बहुतेक बॅटरीच कमजोर.
३. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनच्या स्वच्छ लोखंडावर. चावी मारताना ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. आमच्या गाडीत २ च्या वर दिसलं. ही तपासणी दोन मिनिटांची. आम्ही ती आधी केली नाही.
४. तसंच बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत बघा. तिथे ०.५ च्या वर नको.

सेल्फ उतरवायचाच असेल तर
मायनसची वायर सगळ्यात आधी काढा, शेवटी लावा. हे विसरून पाना चॅसीला लागला तर ठिणगी उडते, हात भाजतो. वायरींना खुणा करा. सेल्फ जड असतो, शेवटचा बोल्ट काढताना खालून कोणीतरी धरा. मध्ये शिम असेल तर जपून ठेवा.

उघडल्यावर कार्बन अर्धे झिजले असतील तर बदला. कम्युटेटर बारीक सँडपेपरने पुसा, एमरी नको. बुश ढिले असतील तर आर्मेचर आत घासतो, तेही बदला. बेंडिक्सला घट्ट ग्रीस भरू नका, धूळ धरून अडकतो. कार्बन, बुश आणि सोलेनॉइडवर भागत असेल तर नवीन सेल्फ घेऊ नका. आर्मेचर जळालं असेल तर मात्र रिवाइंडिंग आणि नवीन, दोन्हींचा भाव विचारा. नवीन घेताना जुना सोबत न्या आणि व्होल्ट, बेंडिक्सचे दात, फिरण्याची दिशा, बोल्टची भोकं जुळवा.

बसवण्याआधी अर्थची जागा लोखंड चमकेपर्यंत घासा, बोल्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. चावी एका वेळी १० सेकंदांहून जास्त नको. मध्ये मिनिटभर थांबा.

ट्रॉलरवाल्या भावांनो, तुमच्या इंजिनालाही हाच धडा. २४ व्होल्ट असेल तर बॅटरीचे आकडे दुप्पट धरा. गाडीला जेटीवर सहा माणसं धक्का मारतात. समुद्रात इंजिन लागलं नाही तर बोटीला धक्का कोण मारणार?

मीटर संस्थेच्या कचेरीत ठेवला आहे. कोणीही मागून न्या, काम झालं की परत आणून द्या.